थर्मामीटर आणि आपला घाम

(माजी विद्यार्थी स्नेहमिलन, करडी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला सांगितले, पंधरा-वीस मिनिटे बोला, विषय तुमच्या आवडीचा घ्या. शाळेच्या आठवणी सांगणारे आज पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा रंगवून सांगतात. मी पडलो भौतिकशास्त्राचा मास्तर. अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे मी आज फक्त एक शब्द घेऊन तुमच्यासमोर उभा आहे. तो शब्द आहे ‘थर्मामीटर’.

शब्द आपल्याला नवा नाही. काचेचा असो की बटनाचा, थर्मामीटर आता घरोघरी आहे. पोरगं फणफणलं की आधी तो शोधला जातो. करोनाच्या काळात तर शाळेच्या फाटकापासून बँकेच्या दारापर्यंत कपाळावर रोखलेले ते पिस्तूल सर्वांनी पाहिले, तोही थर्मामीटरच. पण हा शब्द आला कुठून? आपण म्हणतो, इंग्रजी शब्द आहे. इंग्रजांनी आणला हे खरे. त्यांच्याकडे तो आला फ्रेंचांकडून, फ्रेंचांनी तो घडवला ग्रीक तुकड्यांतून, आणि त्या ग्रीक तुकड्यांचे नाते निघते थेट आपल्या घामाशी. हा प्रवास आज तुम्हाला सांगायचा आहे, आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणेही मागायचे आहे.

सुरुवात इटलीतून होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गॅलिलिओ पादुआ येथे शिकवत होता. त्या काळात एक साधे उपकरण प्रचारात आले. काचेचा एक पोकळ गोळा, त्याला लांब बारीक नळी. गोळा हाताने थोडा गरम करायचा आणि नळीचे तोंड पाण्यात बुडवून ते उभे धरायचे. गोळा थंड झाला की आतली हवा आकुंचन पावते आणि पाणी नळीत वर चढते. पुन्हा गोळ्यावर हात ठेवला की हवा प्रसरण पावते आणि पाणी खाली उतरते. म्हणजे गरम झाले की खाली, थंड झाले की वर, आपल्या आजच्या सवयीच्या अगदी उलट. हा प्रयोग इंजेक्शनची रिकामी बाटली आणि पेनाची रिकामी कांडी घेऊन आजही कुठल्याही शाळेत करता येतो.

या उपकरणाला म्हणू लागले ‘थर्मोस्कोप’. ग्रीक भाषेत ‘थर्मोस’ म्हणजे उष्ण आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणे. उष्णता वाढली की कमी झाली एवढेच ते दाखवी. किती वाढली ते सांगत नसे, कारण नळीवर आकडेच नव्हते. मराठीत म्हणायचे तर तो नुसता उष्णतादर्शक होता.

मग १६१२ च्या सुमारास सांतोरिओ नावाच्या वैद्याने नळीला मोजपट्टी जोडली. हा माणूस पादुआचाच. रोग्याचा ताप आज किती, उद्या किती, हे त्याला ताडून पाहायचे होते. आकडे आले आणि उपकरणाचे कामच बदलले. पूर्वी ते दाखवीत होते, आता मोजू लागले. काम बदलले तेव्हा नावही बदलावे लागले.

ते नवे नाव छापील स्वरूपात भेटते १६२४ मधल्या एका फ्रेंच पुस्तकात. पुस्तकाचे नाव ‘रेक्रेआसिओं मातेमातिक’, म्हणजे गणिती करमणूक. कोडी, गमती, हातचलाखीचे प्रयोग असे त्याचे स्वरूप. ते हेन्रिक व्हान एटन या नावाने निघाले, पण त्याचा कर्ता म्हणून साधारणपणे जाँ लरशाँ या फ्रेंच जेझुइट पाद्र्याचे नाव घेतले जाते. या पुस्तकात त्या नळीच्या यंत्राला ‘तेर्मोमेत्र’ म्हटले आहे. ‘थर्मोस’ म्हणजे उष्ण आणि ‘मेत्रॉन’ म्हणजे माप. १६३३ मध्ये या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर लंडनला निघाले आणि शब्द समुद्र ओलांडून इंग्रजीत गेला. इंग्रजांनी त्याचा उच्चार आपल्या जिभेप्रमाणे केला, ‘थर्मॉमिटर’. आपण तो आपल्या जिभेप्रमाणे केला, ‘थर्मामीटर’. गावातली म्हातारी माणसे ‘थर्मामेटर’ म्हणतात. त्यांना हसू नका. फ्रेंचांचा ‘मेत्र’ त्यांच्या तोंडी अधिक जवळचा आला आहे.

आता एक प्रश्न विचारतो. फ्रेंच माणसाने आपल्या बोलीतला शब्द का घेतला नाही? उष्णतेला फ्रेंचमध्ये शब्द होताच की. कारण असे की त्या काळी युरोपातल्या विद्वानांचा व्यवहार देशोदेशी चाले. इटलीतला माणूस लिही, ते जर्मनीतला वाची. ग्रीक आणि लॅटिन या त्यांच्या सर्वांच्या शिकलेल्या भाषा होत्या. आपल्याकडे जसे काशीचा पंडित आणि पैठणचा पंडित संस्कृतात बोलत, तसेच. म्हणून हे लक्षात ठेवा की थर्मामीटर हा शब्द लंडनच्या शेतमजुराच्या पोरालाही परकाच होता. त्यालाही तो घोकावाच लागला. ‘हे इंग्रजांच्या घरचे शब्द, ते आपल्याला कसे येणार?’ असे आपल्या मुलांना वाटते, त्यांना ही गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

शब्दाचे बारसे झाले तरी यंत्र अजून कच्चेच होते. नळी खालून उघडी असल्यामुळे हवेचा दाब बदलला तरी पाणी वरखाली होई. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्लॉरेन्समध्ये दोन्हीकडून बंद केलेली, मद्यार्क भरलेली नळी आली. १७१४ मध्ये फॅरनहाइटने पारा वापरला आणि १७२४ मध्ये आपली मोजपट्टी प्रसिद्ध केली. १७३० मध्ये फ्रान्सच्या रेओम्युरने स्वतःची वेगळी पट्टी काढली. १७४२ मध्ये स्वीडनच्या सेल्सिअसने शंभर भागांची पट्टी सुचवली, पण त्याने पाणी उकळण्याला शून्य आणि गोठण्याला शंभर धरले होते! पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या लिऑन शहरी क्रिस्तँ या गृहस्थाने गोठण्याला शून्य आणि उकळण्याला शंभर धरणारा थर्मामीटर पुढे आणला. आपण शाळेत ‘सेंटीग्रेड’ शिकलो तो शब्दही फ्रेंचच, शंभर पायऱ्यांचा. १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याचे नाव बदलून ‘सेल्सिअस’ केले. पण आपल्या पिढीच्या तोंडातून सेंटीग्रेड काही जात नाही.

आपल्या घरात तर आजही दोन्ही पट्ट्या एकत्र नांदतात. पोराला ताप आला तर आपण सांगतो ‘एकशे दोन आहे’, तो फॅरनहाइट. नवतप्यात सांगतो ‘आज पंचेचाळीस गेलं’, तो सेल्सिअस. एकाच तोंडातून दोन देशांच्या पट्ट्या बाहेर पडतात आणि कुणाचीही गफलत होत नाही. ज्यांना आकड्यांचे भय वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

फ्रेंचांनी त्या ‘मेत्रॉन’मधून आणखी एक शब्द काढला. राज्यक्रांतीनंतर त्यांनी लांबीचे नवे एकक ठरवले आणि १७९५ च्या कायद्याने ते लागू केले. त्याचे नाव ‘मेत्र’, आपला मीटर. हजारासाठी ग्रीक शब्द घेऊन किलो केला. भारतात १९५६ मध्ये मेट्रिक वजन-मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून तो अमलात येऊ लागला. खंडी, पायली, कुडव यांच्या जागी किलो आणि क्विंटल बसले. आपल्या वडीलधाऱ्यांनी धानाचा हिशेब एका मापातून दुसऱ्या मापात मनातल्या मनात केला, तोही पैशाची फसगत होऊ न देता. ज्यांना आपण अडाणी म्हणत आलो त्या माणसांनी ते केले.

आता येतो घामाकडे.

१७८६ मध्ये कलकत्त्याला सर विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे भाषण केले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांत एवढे साम्य आहे की त्या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे त्यांनी मांडले. पुढे शंभर वर्षे विद्वानांनी हे काम केले आणि कोणत्या भाषेतला कोणता ध्वनी दुसरीत काय होतो याचे नियम शोधले. त्या नियमांप्रमाणे ग्रीक ‘थर्मोस’ आणि संस्कृत ‘घर्म’ हे सख्खे भाऊ ठरतात. मूळचा एक जुना ध्वनी ग्रीकमध्ये थ झाला, संस्कृतात घ झाला, फारसीत ग झाला. फारसीतला शब्द आहे ‘गर्म’, म्हणजे आपला गरम. संस्कृतात घर्म म्हणजे उष्णता, ऊन. तो शब्द ऋग्वेदातही आहे. प्राकृतात घर्मचा ‘घम्म’ झाला आणि मराठीत ‘घाम’.

आपल्याकडे अर्थ जरा सरकला. उष्णतेमुळे अंगातून जे निथळते त्याला आपण घाम म्हणू लागलो. पण आपल्या पूर्वेला, छत्तीसगढीत, घाम म्हणजे अजूनही ऊन. आपण ज्याला तपन म्हणतो, ते त्यांचे घाम. म्हणजे रायपूरकडच्या शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द, करडीच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईच्या कपाळावरचा घाम, चहाच्या टपरीवरचे ‘गरम’ आणि दवाखान्यातला थर्मामीटर ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. फार पूर्वी पांगलेली, एकमेकांना न ओळखणारी.

दुसऱ्या अर्ध्याचेही तसेच. ‘मेत्रॉन’चे नाते बहुतेक अभ्यासक संस्कृतातल्या ‘मा’ या मोजण्याच्या धातूशी लावतात. त्यातून आपल्याकडे मात्रा, मान, प्रमाण, माप हे शब्द आले. वैद्याच्या औषधाची मात्रा आणि थर्मामीटरमधला मीटर हे नातेवाईक झाले.

पण सावधही केले पाहिजे. दिसायला सारखे म्हणजे नात्यातले, असे नसते. ‘टेम्परेचर’ आणि ‘ताप’ ऐकायला किती जवळचे वाटतात! पण त्यांचे नाते नाही. टेम्परेचर आला लॅटिनमधल्या ‘योग्य प्रमाणात मिसळणे’ या अर्थाच्या शब्दातून. आपल्या ‘तप’चा खरा नातलग इंग्रजीत आहे तो ‘टेपिड’, म्हणजे कोमट. नाते चेहऱ्यावरून जोडायचे नसते, नियमाने तपासायचे असते. विज्ञानात करतो तेच भाषेतही करायचे.

आता कुणी म्हणेल, मास्तर, हे सगळे ठीक, पण याचा उपयोग काय? तोच सांगायला मी आलो आहे.

आपल्या शाळेसारख्या मराठी शाळांतून मुलगा दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकतो. त्वरण, संवेग, जडत्व, अपवर्तन, तापमापी, सूक्ष्मदर्शी. चांगला शिकतो. निकाल लागतो, तो अकरावी सायन्सला जातो आणि एका दिवसात सगळ्या ओळखीच्या वस्तूंची नावे बदलतात. त्वरणाचे अॅक्सिलरेशन होते, संवेगाचे मोमेंटम होते. कल्पना तीच असते. मुलाला ती येतही असते. पण शब्द ऐकला की तो मान खाली घालतो. मागच्या बाकावर जातो. दिवाळीनंतर त्यातली काही मुले वर्गात दिसेनाशी होतात, आणि चौकशी केली की कळते, ‘सायन्स झेपत नाही म्हणून आर्ट्सला गेला’. आर्ट्सला जाणे वाईट नाही, आवडीने गेला तर. पण विज्ञान झेपत असताना केवळ शब्दांच्या भयाने बाहेर पडलेला मुलगा पाहिला की माझ्या पोटात कालवते. मुलींच्या बाबतीत तर दुसरी संधी फार वेळा मिळतच नाही.

माझा अनुभव असा की ही भीती शब्द घोकून जात नाही, शब्द फोडून जाते. मी वर्गात फळ्यावर थर्मामीटर लिहितो, मधे एक उभी रेघ मारतो आणि विचारतो, यातला अर्धा शब्द तुम्ही अजून कुठे ऐकला? सुरुवातीला शांतता असते. मग एक जण म्हणतो, थर्मास. दुसरा म्हणतो, थर्माकोल. कुणाचा तरी काका मौद्याला असतो, तो म्हणतो, थर्मल! आपल्या भागात ‘थर्मलला लागला’ म्हटले की वीजकेंद्रात नोकरी लागली एवढे सर्वांना कळते. कोळशाच्या उष्णतेवर वीज तयार होते म्हणून ते थर्मल. मग इस्त्रीतला थर्मोस्टॅट येतो. त्यातला ‘स्टॅट’ आपल्या ‘स्था’चा भाऊ, उष्णता स्थिर ठेवणारा. आणि मग अकरावीच्या पुस्तकातला थर्मोडायनॅमिक्स हा राक्षस पुढे उभा राहिला तरी मुले अर्धा ओळखून असतात.

दुसऱ्या अर्ध्याची यादी तर मुले थांबवतच नाहीत. विजेचे मीटर, ऑटोचे मीटर, दूध केंद्रावरचा लॅक्टोमीटर, गाडीचा स्पीडोमीटर. धान खरेदी केंद्रावरचा मॉइश्चर मीटर तर आपल्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. सतरा टक्क्यांच्या वर ओल निघाली की धान परत, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. त्यातला ‘मॉइश्चर’ जुन्या फ्रेंचमधून आला आणि ‘मीटर’ ग्रीकमधून. आपले धान रोज फ्रेंच आणि ग्रीक यांच्या पंचाईतीपुढे उभे राहते म्हणायचे!

याचा अर्थ मराठी शब्द टाकून द्या, असा मुळीच नाही. उलट ‘तापमापी’ हा शब्द ऐकताच मुलाला कळतो, तिथे फोडायची गरजही पडत नाही. हे आपल्या परिभाषेचे बळ आहे आणि त्यामागे मोठी मेहनत आहे. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचेही काम पाहिले. १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढून त्यांनी विज्ञानाचे विषय मराठीत आणले. आपला भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता, तेव्हा राजधानी नागपूर. तिथे बसून डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय जोडून हजारो पारिभाषिक शब्द घडवले. त्यातले काही बोजड म्हणून लोकांनी नाकारले, काही रुळले. पण त्यांची रीत पाहा. सतराव्या शतकात फ्रेंच माणसाने ग्रीक तुकडे जोडले, विसाव्या शतकात नागपुरात संस्कृत तुकडे जोडले. रीत तीच होती. ‘थर्मो’च्या जागी ताप आणि ‘मेत्रॉन’च्या जागी मापी.

मुलाला दोन्ही शब्द हवेत. घरचा शब्द समजण्यासाठी आणि बाहेरचा शब्द जगात वावरण्यासाठी. दोन्हींच्या मध्ये जो पूल लागतो तो बांधणे हे शिक्षकांचे काम आहे, आणि आता तुमचे-माझेही आहे.

म्हणून माझे मागणे. आपण शाळेला काही भेट द्यायचे ठरवत आहोत. पंखे द्या, बाके द्या, जरूर द्या. त्याबरोबर एक कमाल-किमान तापमापी द्या. त्याची किंमत फार नसते. पांढऱ्या रंगाची, झडपांच्या फटी असलेली लाकडी पेटी गावचा सुतार करून देईल. जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर, दार उत्तरेकडे करून ती मोकळ्या जागेत बसवायची, म्हणजे हवा खेळेल आणि थेट तपन लागणार नाही. वर्गातल्या मुलामुलींनी पाळी लावून रोज त्यावरचे आकडे फळ्यावर आणि वहीत लिहायचे. वही जपून ठेवायची. दहा वर्षांनी करडीच्या उन्हाळ्याची आणि रोवणीच्या दिवसांची नोंद करडीच्याच मुलांच्या हातची असेल. नागपूरचा आकडा आपल्यावर चिकटवावा लागणार नाही.

आणि त्या फळ्याच्या खाली रोज एक शब्द. एकीकडे मराठी, एकीकडे इंग्रजी, मधे रेघ मारून फोडलेला. आपल्यात नर्स आहेत, वायरमन आहेत, दूध केंद्र चालवणारे आहेत, थर्मलला नोकरी करणारे आहेत, शेती करणारे तर बहुसंख्य आहेत. प्रत्येकाच्या धंद्यात असे पाच-दहा शब्द आहेतच. वर्षातून एकदा गावी याल तेव्हा अर्धा तास शाळेत या आणि तुमच्या हत्याराचे नाव मुलांना फोडून दाखवा. सिस्टर स्टेथोस्कोप घेऊन येऊ दे, त्याचे नावही एका फ्रेंच डॉक्टरने ग्रीक शब्दांतूनच ठेवले आहे. छाती आणि पाहणे, एवढेच ते दोन तुकडे. बाकीचे सिस्टर सांगेल, कारण माझ्यापेक्षा तिला ते यंत्र जास्त कळते.

आपल्या गुरुजनांनी आपल्याला शब्द दिले. त्यातले कित्येक त्यांनाही कुणी फोडून सांगितले नसतील, तरी त्यांनी ते प्रामाणिकपणे आपल्यापर्यंत पोचवले. त्या देण्याची परतफेड पैशात होत नाही. पुढच्या मुलाची भीती एका शब्दाने कमी केली तर थोडी होते.

पेटीचा खर्च मी देतो. तापमापी कोण देणार, ते जेवायला बसण्यापूर्वी ठरवू या.